धांवण्याची खतावणी

ज्या गोष्टींना मोल पडत नाहीं अशा गोष्टींची यादी करूं लागल्यास धांवणें तींत बरेंच वर येईल. पोहण्यास पाणी लागतें, क्रिकेटला सोबती आणि मैदान लागतें, वाचनाला पुस्तक लागतें; धांवण्याला दोन पाय आणि पुढें मोकळी जागा असली कीं पुरे. मूल चालूं लागतें आणि लागलीच धांवूं लागतें. तें त्याला कोणी शिकवीत नाहीं. असें असतां आज आमच्या शहरांतील मध्यमवर्गीय गृहस्थाच्या घरीं धांवणें हा खर्चाचा एक विषय होऊन बसला आहे, आणि खर्च आला कीं त्याच्या मागोमाग नीतीचा प्रश्न येतो. छंद म्हणून धांवणाऱ्या माणसानें त्या छंदापायीं किती खर्च करावा, आणि हें ‘किती’ कशावरून ठरवावें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. जगांत अन्नान्न दशेंतील माणसें असतां एका प्राध्यापकानें बुटांच्या किंमतीवर निबंध लिहावा, ही गोष्ट पहिल्या दृष्टीस हास्यास्पद दिसते खरी. पण नीतिशास्त्राच्या पुस्तकांतील मोठमोठे पेंच, म्हणजे बुडत्या नावेंतून आधीं कोणास वांचवावें किंवा सत्यासाठीं राज्य सोडावें कीं काय, हे तुम्हांआम्हांस आयुष्यांत बहुधा एकदांही पडत नाहींत. आपल्या मिळकतींतून आपल्या स्वतःच्या आवडीसाठीं काय बाजूला काढावें, हा पेंच मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पडतो, आणि त्याचा निकाल आपण बहुतेक वेळां विचार न करतांच लावून टाकतों. चोरी, खोटी साक्ष, विश्वासघात यांची आपणांपैकीं बहुतेकांस संवय नसते. आपल्या सुखाचा खर्च भलत्याच सदराखालीं लिहिण्याची संवय मात्र पुष्कळांस असते, आणि ती आहे हें त्यांच्या लक्षांतही येत नाहीं. धांवण्याचें उदाहरण मी घेतों तें एवढ्यासाठीं कीं, येथें मूळ वस्तु फुकट असल्यामुळें तिच्यावर चढलेला प्रत्येक रुपया स्पष्ट दिसतो.

प्रथम आंकडे पाहूं. आठवड्यास ३० किलोमीटर धांवणारा मनुष्य वर्षाकांठीं सुमारें १,५०० किलोमीटर धांवतो. बुटांचा एक जोड ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असें सामान्यतः धरतात. म्हणजे वर्षास दोन ते तीन जोड लागले. जोडाची किंमत ६,००० रुपये आणि आयुष्य ६०० किलोमीटर धरल्यास दर किलोमीटरला १० रुपये, म्हणजे वर्षाचे १५,००० रुपये, केवळ तळपायांखालीं झिजून जातात. हा प्रवास रिक्षाहून स्वस्त पडतो हें खरें, पण लोकलच्या दुसऱ्या वर्गाहून कितीतरी महाग पडतो. आणि रिक्षा व लोकल माणसाला निदान कोठें तरी नेऊन पोंचवितात, हा तर निघाल्या दारींच परत येतो! बुटांनंतर घाम टिपणारे कपडे आले, हृदयाचे ठोके मोजणारें मनगटी घड्याळ आलें, आणि एकदां ठोके मोजूं लागल्यावर ते कमी करण्याचा उपाय सांगणारा शिक्षकही आला. बुटांतही आतां पायरीवर पायरी चढत गेली आहे. २०२३ सालीं बर्लिनच्या शर्यतींत टिगिस्ट असेफा या इथिओपियन स्त्रीनें २ तास ११ मिनिटें ५३ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हां तिच्या पायांत जे बूट होते त्यांच्या जोडाची किंमत ५०० डॉलर होती, आणि तो एका मॅरेथॉनपुरता व तत्पूर्वीच्या थोड्या सरावापुरताच आहे असें ते बनविणाऱ्या कंपनीनेंच सांगितलें होतें. विश्वविक्रम करणाऱ्या स्त्रीनें ते वापरावेत हें समजतें. पण तसेच बूट घालून पांच तासांत शर्यत पुरी करणारे गृहस्थही दिसूं लागले आहेत.

आणि शर्यतींचा खर्च तर निराळाच आहे. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० सालीं प्रथम झाली, तेव्हां एका बागेच्या फेऱ्या घालावयाच्या होत्या, प्रवेशाची फी एक डॉलर होती आणि आरंभरेषेवर १२७ माणसें उभीं होतीं. आज त्याच शर्यतीला जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें विमानानें जातात. आमच्याकडे मुंबईची मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाली. तिच्यासाठीं नागपूरहून किंवा कोल्हापुराहून येणाऱ्या माणसास शर्यतीच्या फीपेक्षां गाडीभाडें, दोन रात्रींचें लॉज आणि जेवणखाण हेंच जड जातें. पुढें टोकियो, बॉस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क अशा मोठ्या शर्यती एकामागून एक पुऱ्या करण्याची हौस लागते. २०२५ पासून त्या मालिकेंत सिडनीचीही भर पडली. चारी धाम केल्यावर यात्रा संपत असे. येथें धामांचीच संख्या वाढत जाते.

यावर दोन ठरीव उत्तरें तयार असतात. एक काटकसरी लोकांचें : हा सारा देखावा आहे, अनवाणी धांवा. दुसरें हौशी लोकांचें : पैसा माझा आहे, दारू-जुगारापेक्षां तर हें बरें. दोन्ही उत्तरें मला अपुरीं वाटतात. पहिलें खर्चाची रक्कम पाहतें पण त्याचा अर्थ पाहत नाहीं. दुसरें आपली तुलना सोईस्करपणें आपल्याहून वाईट माणसाशीं करतें. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालींच दाखवून दिलें कीं, सवड असलेल्या वर्गाचा पुष्कळसा खर्च उपयोगासाठीं नसून प्रतिष्ठेसाठीं असतो. त्याच्या सिद्धांताला धांवणारा माणूस चांगला दाखला पुरवील. तथापि ‘तुम्ही देखाव्यासाठीं खर्च करतां’ असें म्हटल्यानें कोणाचा खर्च थांबल्याचें मीं पाहिलेलें नाहीं. कारण ज्याला म्हणावें त्याला तो देखावा वाटतच नाहीं. त्याच्या मनांत त्या खर्चाचें नांव दुसरेंच कांहीं असतें. म्हणून रकमेपेक्षां आधीं नांवाकडे पाहावें असें माझें मत आहे.

आमच्या घरचा जमाखर्च पत्नी लिहिते. वहींत किराणा, दूध, औषधपाणी, शिक्षण, देणगी, करमणूक, किरकोळ अशीं खातीं आहेत. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं मीं धांवण्यास आरंभ केला व पहिला जोड घरीं आणला, त्या रात्रीं तिनें विचारलें, “अहो, हे कोणत्या खातीं मांडूं?” मला एकाच वेळीं तीन उत्तरें सुचलीं, आणि जो खर्च एकदम तीन ठिकाणीं बसूं शकतो त्याच्याविषयीं संशय घ्यावा हें मला त्याच क्षणीं वाटलें.

पहिलें उत्तर अर्थातच औषधपाण्याचें. पन्नाशी उलटली, साखर काठावर, धांवल्यानें डॉक्टरचा खर्च वांचेल. हें उत्तर खोटें नाहीं, पण तें अर्धें आहे, व त्याचें अर्धेपण मोजून दाखवितां येतें. औषधाला मात्रा असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढ माणसांसाठीं जी मात्रा सांगितली ती आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोराच्या श्रमाची अशी आहे. पंचवीस मिनिटांची धांव आठवड्यांतून तीनदां केली कीं निदान खालची मर्यादा गांठली. ही धांव एका वेळीं चार किलोमीटरची धरा; आठवड्याचे १२ किलोमीटर, वर्षाचे ६२४. म्हणजे बरोबर एक जोड! औषधपाण्याच्या खातीं वर्षाला बुटांचा एक जोड न्यायानें मांडतां येईल. दुसरा जोड, ठोके मोजणारें घड्याळ, मुंबईचें लॉज, हीं औषधें नव्हेत. उलट ४२ किलोमीटरच्या तयारींत गुडघा धरला आणि त्यासाठीं फिजिओथेरपिस्टकडे दहा खेपा घालाव्या लागल्या, तर तें औषधानें जडलेल्या दुखण्याचें औषध होईल.

आतां कोणी म्हणेल, खातें कोणतेंही असो, पैसा गेला तो गेलाच. नांवाला इतकें महत्त्व कां? याचें कारण असें कीं, घरांतल्या प्रत्येक खात्याची पत सारखी नसते. किराण्यावर घासाघीस होते, करमणुकीवर कुरकूर होते. औषधपाण्यावर कोणी ‘कां’ म्हणून विचारीत नाहीं. त्या खातीं आईचें मोतीबिंदूचें ऑपरेशन असतें, मुलाचा ताप असतो. दुखण्याला घरानें जी सूट दिलेली आहे, ती आपल्या आनंदाला लावून घेणें म्हणजे दुसऱ्याच्या गरजेच्या पतीवर आपलें कर्ज काढणें होय. रक्कम हजाराची असो वा लाखाची, अन्याय येथें रकमेचा नसून नोंदीचा आहे.

दुसरें उत्तर शिक्षणाचें. धांवणें चिकाटी शिकवितें, पहांटे उठवितें, अहंकार जिरवितें, असें सांगतात, आणि मी अनुभवानें त्याला दुजोरा देईन. पण धांवण्यांतील जो भाग शिकवितो तो फुकटचाच भाग आहे. चढ जें शिकवितो तें सहा हजारांच्या बुटांतही शिकवितो आणि वीस हजारांच्याही. डंडी येथील संशोधकांनीं २००७ च्या सुमारास तीन कंपन्यांचे स्वस्त, मध्यम व महाग असे बूट माणसांच्या पायांत घालून तळव्यावरील दाब मोजला. स्वस्त व मध्यम बूट महाग बुटांइतकेच, किंबहुना थोडे सरस, दाब झेलतात असें त्यांना आढळलें. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिक शर्यतींत अनवाणी धांवून २ तास १५ मिनिटें १६ सेकंदांत जिंकला, ही कथा सर्वांना माहीत आहे, आणि काटकसरीचे पुरस्कर्ते ती वारंवार सांगतात. तोच बिकिला १९६४ सालीं टोकियोला बूट घालून धांवला आणि तीन मिनिटें लवकर पोंचला, ही गोष्ट मात्र ते सांगत नाहींत. दोन्ही शर्यतींत तो पहिला आला. बूट घालण्यांत पाप नाहीं व न घालण्यांत पुण्य नाहीं, एवढाच बोध मी त्यांतून घेतों. शिक्षणाच्या खातीं मात्र दोन्हींपैकीं एकही जोड जात नाहीं.

तिसरें उत्तर देणगीचें. तें मुंबईच्या शर्यतीमुळें आपल्याकडे रूढ झालें आहे. धर्मादाय संस्थांसाठीं पैसा गोळा करणें हें त्या शर्यतीचें पहिल्यापासूनचें एक अंग आहे, आणि त्यांतून चांगलीं कामें उभीं राहिलीं आहेत. मी फक्त एवढेंच म्हणेन कीं, संस्थेला दिलेली रक्कम देणगीच्या खातीं मांडावी आणि लॉजची पावती तिच्या पाठीमागें दडवूं नये.

राहिली करमणूक. हा शब्द उच्चारतांना सुशिक्षित मनुष्य ओशाळतो. जणु काय करमणूक म्हणजे तमाशाला जाणें! माझ्या मतें येथेंच आपली मूल्यांची पायरी उलटी झालेली आहे. आपण धंदा करतों तो सवड मिळावी म्हणून, असें अ‍ॅरिस्टॉटलनें नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या शेवटच्या भागांत प्रतिपादिलें आहे. जें दुसऱ्या कशासाठीं केलें जातें त्याहून जें स्वतःसाठींच केलें जातें त्याची योग्यता तो अधिक मानतो. औषध आपण घेतों तें घ्यावें लागतें म्हणून. पहांटेच्या गारव्यांत, रस्ता मोकळा असतां, श्वास आणि पाऊल यांची लय जुळली म्हणजे जें सुख होतें तें कशाचेंही साधन नव्हे. त्याला औषध म्हणणाऱ्यानें त्याचा मान वाढविला नाहीं, उलट कमीच केला. म्हणून धांवण्याचा खर्च करमणुकीच्या खातीं, निःसंकोचपणें, पुऱ्या रकमेनें मांडावा. मात्र तसें मांडतांच एक गोष्ट होते : तें खातें घरांतील सर्वांचें असतें. तेथें मुलीचें नाटकाचें तिकीट, पत्नीची मैत्रिणींबरोबरची सहल, वृद्ध वडिलांचें पंढरपूर, हीं सारीं एका रांगेंत उभीं असतात, आणि धांवणाऱ्याला त्या रांगेंत आपल्या नंबरावर उभें राहावें लागतें. पुष्कळांना औषधपाणी आवडतें तें ही रांग चुकते म्हणून.

छंदाच्या खर्चाला एक जुना इतिहासही आहे, आणि तो फारसा निर्मळ नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत ‘केवळ आवडीनें’ धांवणारा कोण हें ठरवितांना कारागीर व मजूर यांना वगळणारें कलम नियमांत होतें. १८८० सालीं स्थापन झालेल्या नव्या संघटनेनें तें गाळलें. ज्याला मजुरी बुडवून शर्यतीला यावें लागे त्यानें बुडालेली मजुरी मागितली तर तो धंदेवाईक ठरे. ज्याला मजुरीच करावी लागत नसे त्याचें प्रेम शुद्ध! फिनलंडचा पावो नुर्मी ऑलिंपिकचीं नऊ सुवर्णपदकें मिळविलेला मनुष्य. पण १९३२ सालीं लॉस एंजेलिसला त्याला उभें राहूं दिलें नाहीं, कारण एका दौऱ्यांत त्यानें प्रवासखर्च वाजवीहून अधिक घेतला असा आरोप होता. आमच्याकडे बारामतीच्या लता भगवान करे नऊवारी नेसून, अनवाणी धांवल्या त्या पतीच्या औषधोपचाराला पैसा हवा होता म्हणून. त्यांच्यावरील मराठी चित्रपटाचा ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. त्यांच्या वहींत धांवणें हें खर्चाच्या बाजूला नव्हतें, जमेच्या बाजूला होतें, आणि ‘औषधपाणी’ हा शब्द तेथें अक्षरशः खरा होता. त्यांची गोष्ट ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येतें. तें पुसल्यावर आपण आपल्या वहीकडे पाहावें, एवढ्याचसाठीं मीं ती येथें आणली.

दोन वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पुण्याजवळ एका कंपनींत नोकरी, पगार बरा, आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर धांवणारा. बर्लिनच्या शर्यतीच्या लॉटरींत त्याचें नांव लागलें होतें. त्यानें एक कागद पुढें केला. त्यावर विमान, व्हिसा, राहणें, फी अशा रकमा लिहून शिलकेंतून त्या कशा भागतील याचा चोख हिशेब मांडला होता. “सर, कर्ज काढीत नाहीं, कोणाकडे मागत नाहीं. तरी मनाला टोंचतें. कां तें सांगा.” मीं घरची चौकशी केली. वडील सोलापूरकडे शिक्षक होते, निवृत्त झाले. धाकटी बहीण बाहेरगांवीं वसतिगृहांत राहून शिकत होती, आणि तिच्या शिक्षणासाठीं वडिलांनीं पतपेढीचें कर्ज काढलें होतें.

मी त्याला प्रथम कांटची कसोटी सांगितली. कांटनें १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील निबंधांत असें म्हटलें आहे कीं, दुसऱ्यांच्या हक्कांशीं ज्याचा संबंध येतो असें जें कृत्य उघड केल्यानें फसतें तें अन्याय्य समजावें. त्यानें ही कसोटी राजकारणासाठीं सांगितली. पण मला ती घरांत अधिक उपयोगी पडलेली आहे. धांवणाऱ्यांच्या मेळ्यांत बसा म्हणजे कळेल. नव्या बुटांचें खोकें कचेरींतच टाकून देणारे, किंमतीची चिठ्ठी जिन्यांत फाडणारे, बारा हजारांचा जोड ‘सेलमध्यें पांचाला मिळाला’ म्हणून सांगणारे कितीतरी सद्गृहस्थ तेथें भेटतात, आणि ते हें हंसत हंसत सांगतात. जो खर्च त्याची रक्कम लपविल्याखेरीज करतां येत नाहीं, तो करूं नये. मीं त्याला म्हटलें, “वडिलांना हा कागद दाखव.”

तो म्हणाला, “दाखवला तर ते ‘जा’ म्हणतील. लागले तर आणखी पैसे देतील. तेंच तर कठीण आहे.”

या उत्तरानें मला विचारांत पाडलें. कांटची कसोटी परक्या माणसांत चांगली चालते. तेथें नुकसान होणारा मनुष्य विरोध करतो, आणि विरोधाच्या भीतीनें अन्याय उघडा पडतो. पण जेथें माया असते तेथें ज्याचें नुकसान होणार तोच आनंदानें संमति देतो. अशा माणसाची परवानगी मागणें म्हणजे आपला निर्णय त्याच्या उदारपणावर ढकलणें. तेव्हां संमतीनें येथें कांहींच सिद्ध होत नाहीं. मीं तो कागद पुन्हां हातीं घेतला आणि त्याला विचारलें, “यांत बहिणीच्या वसतिगृहाची फी कोठें आहे?” ती नव्हती. असावयाची कशी? ती वडिलांच्या वहींत होती. त्याचा हिशेब जुळत होता तो सर्वांत मोठी रक्कम दुसऱ्याच्या नांवें पडलेली होती म्हणून. त्यानें लबाडी केली होती असें नव्हे. हिशेब मांडतांना आपण आपल्या खिशाच्या कडेपर्यंतच पाहतों. तो त्या वर्षीं गेला नाहीं, पुढें गेला. मध्यंतरीं बहिणीच्या फीचें काय झालें, हें मीं विचारलें नाहीं.

पैशाप्रमाणें वेळेचेंही असेंच. मॅरेथॉनची तयारी चार महिने चालते, आणि त्या चार महिन्यांत रविवारची सकाळ लांबच्या धांवेला जाते. गृहस्थ पांचाला निघतो, नवाला घामानें भिजून येतो, दुपारीं झोंपतो. त्या वेळांत दूध तापविणारें, मुलांना क्लासला पोंचविणारें, आजोबांना गोळी देणारें घरांत कोणी तरी असतें. तिचे तास त्याच्या घड्याळांत मोजले जात नाहींत. धांवणाऱ्या स्त्रीची गोष्ट पाहिली म्हणजे हें चटकन् ध्यानांत येतें. ती पांचाला निघावयाची तर चाराला उठून डबा करून निघते. तिचा खर्च तीच आगाऊ भरते, शिवाय अंधाऱ्या रस्त्याची भीति वेगळी. माझ्या माहितींतील एका जोडप्यानें रविवार वांटून घेतले आहेत, एक त्याचा, एक तिचा. त्यामुळें दोघांचेही वेळेचे आंकडे सुधारत नाहींत अशी त्याची तक्रार असते.

साधेपणाचा हिशेब सुद्धां असाच तपासून पाहावा लागतो. थोरोनें १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकांठीं स्वतःच्या हातानें खोपटें बांधलें, आणि पुढें पुस्तकांत त्याच्या खर्चाची खिळ्या-फळ्यांसकट यादी दिली : २८ डॉलर साडेबारा सेंट. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जमाखर्च छापण्याचें धैर्य फार थोड्यांना झालें आहे, व त्याबद्दल मला थोरोविषयीं नितांत आदर आहे. पण त्या यादींत जमिनीची किंमत नाहीं. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती.

‘फुकट’ या शब्दामागें असा एक इमर्सन बहुतेक ठिकाणीं उभा असतो. २००४ सालीं लंडनच्या बुशी पार्कमध्यें तेरा माणसें पांच किलोमीटर धांवलीं; त्यांतून दर शनिवारीं निःशुल्क धांवण्याची एक चळवळ निर्माण झाली व ती अनेक देशांत पसरली. फी नाहीं, बक्षीस नाहीं, व्यवस्था स्वयंसेवकांची. मला ही कल्पना अत्यंत प्रिय आहे. परंतु २०१६ सालीं ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड येथील ग्रामसभेनें ठराव केला कीं, दर शनिवारीं शेंकडों पाय आमच्या बागेची वाट तुडवितात, तेव्हां तिच्या डागडुजीसाठीं त्यांनीं कांहीं द्यावें. चळवळीचें म्हणणें असें कीं, एकदां फी घेतली कीं मूळ तत्त्वच गेलें. दोन्ही बाजू हटल्या नाहींत आणि तेथील शनिवारची धांव बंद पडली. इंग्लंडांतील वर्तमानपत्रांनीं बहुधा ग्रामसभेलाच झोडपलें. मला मात्र ती तितकी दोषी वाटत नाहीं. बाग सर्वांची आहे, तींत धांवण्यास पैसे पडूं नयेत, हें मला मान्य. पण वाट झिजते हेंही खरें, आणि जो म्हणतो ‘माझ्या छंदाला कांहींच खर्च नाहीं’, त्याला ‘मग तो कोण करतें?’ असें विचारण्याचा अधिकार वाटेच्या मालकाला असला पाहिजे.

आमचा अठरा जणांचा मेळा एका सार्वजनिक मैदानावर पहांटे जमतो. मैदानाची वेळ सहाची. राखणदार आमच्यासाठीं पांचाला फाटक उघडतो. कोणी तरी एकदां त्याला सांगितलें, तेव्हांपासून तो उघडतो. त्याला दरमहा प्रत्येकीं शंभर रुपये द्यावेत असें मीं सुचविलें, तेव्हां दोन तट पडले. एक म्हणाला, नोकरींतल्या माणसाला असे पैसे देणें म्हणजे लांच. दुसऱ्याला वाटलें, तो स्नेहानें करतो, पैसे दिले तर त्याचा अपमान होईल. तिसऱ्यानें हिशेब करून दाखविला कीं, महिन्याच्या पंचवीस तासांना अठराशें रुपये ही रक्कम जास्तच होते. ज्यानें हा हिशेब केला त्याच्या मनगटावरचें घड्याळ चाळीस हजारांचें आहे. पण मुद्दा गैरलागू नव्हता, म्हणून मीं तें बोलून दाखविलें नाहीं. प्रश्न अजून पडून आहे. गेल्या महिन्यांत राखणदार आठ दिवस गांवीं गेला होता, तेव्हां पांचाला फाटक त्याचा मुलगा उघडीत असे. मुलगा दहावींत आहे.